आई-बाबांची मुदतवाढ की परतीचं विमान? अमेरिका, २०२०

मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली आणि मुलांकडे आलेले कितीतरी आई-बाबा अमेरिकेत अडकले.

एक वाट होती अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतवाढीची, म्हणजे आय-५३९ अर्जाची. तेव्हा अर्जाला ३७० डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे घेण्याचे, माणशी ८५ डॉलर. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी पाहायची ती आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशनोंदीवरची, तारीख. अनेक घरांत इथेच गफलत होते. त्या तारखेआधी अर्ज पोचला, तर निकालापर्यंत थांबता येतं. नकार आला, तर मात्र ताबडतोब निघायचं. शिवाय मोजून आणलेल्या बीपीच्या गोळ्या संपत येतात, आणि प्रवासी विमा जुन्या दुखण्यांना बहुधा हात लावत नाही. खरी धास्ती त्याचीच.

दुसरी वाट होती ७ मेपासूनच्या वंदे भारत विमानांची, म्हणजे अडकलेल्यांना परत नेणाऱ्या भारत सरकारच्या खास विमानांची: दूतावासाकडे नोंदणी, तिकीट स्वखर्चाने, उतरल्यावर विलगीकरण.

माझं मत स्पष्ट आहे: अर्ज आधी करून ठेवावा. तो प्रलंबित असतानाही मायदेशी परतता येतं. हृदयरोग किंवा मधुमेह असेल, तर मिळेल त्या विमानाने आपल्या डॉक्टरांजवळ पोचावं.