कॅरिओटाइप, मायक्रोअ‍ॅरे की जीनोम सिक्वेन्सिंग?

‘जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठली टेस्ट, हे आधी विचारावे. रचनात्मक बदलांच्या बाबतीत तर नक्कीच. डीएनएचा ५० किंवा अधिक अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक रासायनिक घटक) तुकडा गळतो, दुप्पट होतो, उलटा बसतो किंवा दुसऱ्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतो, त्याला रचनात्मक बदल म्हणतात. हे सगळे प्रकार दाखवणारी एकच तपासणी अजून रुळलेली नाही.

कॅरिओटाइप सगळ्यात जुनी. यात गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधारण ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा लहान बदल सहसा निसटतो. तरी ती मोडीत काढू नका. वारंवार गर्भपात होत असतील, तर जोडप्यातल्या एकाच्या दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. त्या व्यक्तीत काही कमी नाही, काही जास्त नाही, म्हणून ती ठणठणीत. गर्भाच्या वाट्याला मात्र असमान हिस्सा येतो. मायक्रोअ‍ॅरे ही चिपवर होणारी तपासणी; डीएनएचा कुठला भाग कमी किंवा जास्त आहे, एवढे प्रमाणच ती मोजते. ती इथे खुशाल ‘नॉर्मल’ सांगेल.

मुलाची वाढ मागे असेल किंवा स्वमग्नतेची शंका असेल, तर मात्र आधी मायक्रोअ‍ॅरे. २०१० साली तज्ज्ञांनी मांडलेल्या आकड्यांनुसार अशा मुलांत तिने १५ ते २० टक्क्यांना कारण सापडते. कॅरिओटाइपने, डाऊन सिंड्रोमसारखे ओळखू येणारे आजार वगळता, सुमारे ३ टक्क्यांना. हृदयदोष आणि टाळूचे दोष घडवणारी बाविसाव्या गुणसूत्रावरची गळती बहुतेकदा ३० लाख अक्षरांची असते, म्हणजे कॅरिओटाइपच्या नजरेखालून सहज जाणारी. एक डोकेदुखी आहे: अर्थ न लागणारे बदलही अहवालात येतात. मग आईवडिलांचीही तपासणी लागते.

आजाराचा अंदाज पक्का असेल, तर सरळ नेमकी तपासणी मागावी. तीव्र हिमोफिलिया ए या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या ४० ते ४५ टक्के रुग्णांत फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा मोठा भाग उलटा बसलेला असतो. एकही जनुक-अक्षर हरवलेले नाही, त्यामुळे मायक्रोअ‍ॅरे आणि एक्सोम (जनुकांतले फक्त प्रथिनांची माहिती असलेले भाग वाचणारी तपासणी) दोन्ही फसतात; त्या उलटापालटीसाठीची खास पीसीआर (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती काढून पाहणारी तपासणी) ते पकडते.

सगळा डीएनए वाचणारे होल जीनोम सिक्वेन्सिंग सर्वांत व्यापक, पण नेहमीच्या पद्धतीत डीएनए सुमारे १५० अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात. सारख्याच मजकुराच्या पुनरावृत्तीत तुकडा कुठला, हेच ठरत नाही. लाँग-रीड ही सिक्वेन्सिंगची दुसरी पद्धत एका दमात हजारो अक्षरे वाचते. पहिली तपासणी म्हणून मी ती सुचवणार नाही. बाकीच्यांनी हात टेकले आणि आजार आनुवंशिकच वाटतोय, तेव्हा तिच्याकडे वळावे.