आठ फुटी रॉड, चार हजारी रील : भाट्याच्या खाडीवरचे नऊ महिने

गणपतीच्या सुट्टीत घेतलेला मासे धरायचा रॉड-रीलचा सेट मे अखेरपर्यंत वापरला. जवळपास दर रविवारी, आणि भांगाचे (भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले) दिवस असले की शाळा सुटल्यावरही. बहुतेक वेळा रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत नाहीतर पुळणीवर, चार-पाच वेळा जयगडच्या बाजूला खडकांवरून, आणि दिवाळीत व मे महिन्यात मामाकडे भिगवणला, उजनीच्या पाण्यावर. आता लिहायला हरकत नाही.

आधी कबुली. हा माझा पहिला सेट नव्हे. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन बाराशे रुपयांत ‘सगळं एकात’ मागवलं होतं. दुर्बिणीसारखा आत सरकणारा रॉड, रील, तंगूस (नायलॉनची दोरी), शंभरेक बारीकसारीक वस्तू आणि वर कापडी पिशवी. दुसऱ्याच महिन्यात रीलचं हँडल दोन्ही बाजूंनी फिरायला लागलं. रॉडच्या सांध्यांत वाळू गेली आणि एका संध्याकाळी तो मिटेचना. सात फुटांचा भाला खांद्यावर घेऊन स्कूटरवरून घरी आलो. गल्लीत अजून त्यावरून चौकशी होते.

त्यामुळे या वेळी सुटं सुटं घेतलं. रॉड १,९५०, रील २,६००, दीडशे मीटर ब्रेडची (बारीक धागे विणलेली) दोरी ८५०, आणि लीडर (दोरीच्या पुढचा जाड तुकडा), जिग हेड (शिसं बसवलेले गळ), रबरी मासे, दोन चमचे (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं) मिळून सातशेच्या आसपास. म्हणजे सहा हजार शंभर. हे ‘स्वस्त’ आहे का, असं बायकोने विचारलं. तिला सुरमईचा भाव सांगितला. तिने माझ्या पकडलेल्या सुरमयांचा आकडा विचारला. विषय तिथेच संपला.

रॉड आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा. मुठीच्या वर १५-४० ग्रॅम असा आकडा छापलेला आहे. दुकानात लोक लांबी बघतात, रंग बघतात आणि हा आकडा सोडून देतात. खरं तर रॉड कशासाठी बनवलाय ते तिथेच लिहिलेलं असतं. एवढ्या वजनाचं आमिष फेकलं की रॉड नीट वाकतो आणि मग स्वतःच्या जोरावर फेकतो. पाच ग्रॅमचं लावलं तर वाकतच नाही, आपण नुसता हात झटकत बसतो. साठ ग्रॅमचं शिसं जोरात भिरकावलं तर कधीतरी काडकन आवाज येणार. २८ ग्रॅमचा चमचा लावून मी सुरूच्या बनासमोर पुळणीवर फेक मोजली होती. ओल्या वाळूवर बासष्ट पावलं, म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या आसपास. वारा पाठीमागून होता, हेही सांगायला हवं.

आठ फूट का? सहा-साडेसहा फुटी रॉड पुलाखाली आणि कांदळांच्या कडेला सोयीचा, पण पुळणीवर लाटेच्या पलीकडे पोचत नाही. दहा-अकरा फुटी पुळणीवर राजा, पण खाडीत दोन तास सतत फेकला तर खांदा निघतो. आठ फूट दोन्हीकडे थोडा चुकतो आणि दोन्हीकडे निभतो. कांदळात मात्र फांद्यांना अडकतोच, तिथे हात आखडून बाजूने फेकायला शिकावं लागलं. दोन तुकड्यांचा असल्यामुळे मिटला की चार फुटांचा होतो. एसटीत सीटखाली राहतो. कंडक्टरने एकदाच विचारलं, पडद्याचा पाइप आहे म्हणून सांगितलं.

कार्बन की काचेचं फायबर, हा वाद मी वाचून वाचून थकलो होतो. माझा मिश्र आहे. शुद्ध कार्बनपेक्षा हाताला जड लागतो आणि मुडदुशीसारख्या हलक्या माशाची टुकटुक त्यातून नीट कळत नाही. पण जयगडला तो दोनदा कातळावर आपटला आणि काही झालं नाही. हलक्या कार्बनला अशी बारीक ठेच लागली की तेव्हा काही दिसत नाही, नंतर मोठा मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो. नवशिक्याने थोडं वजन सोसावं, असं माझं मत.

घेताना दोन गोष्टी बघाच. रॉड बंदुकीसारखा डोळ्यापाशी धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहायचं. आणि प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. तंतू अडकला तर आतल्या रिंगला तडा आहे, आणि तोच तडा पुढे तुमची दोरी खाणार. दुकानदार हसतो. हसू द्या.

रील ४००० मापाचं. (घरात रील म्हटलं की मुलगा मोबाइल पुढे करतो.) ४००० ही किंमत नव्हे, आकाराचा क्रमांक आहे, आणि तो सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ३००० शेजारी ठेवलं तरी फरक सापडत नाही. म्हणून स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीवर, किती जाडीची किती मीटर दोरी मावते, तो आकडा वाचावा. खोक्यावरची बॉल बेअरिंगची संख्याही फार मनावर घेऊ नये. बारा बेअरिंगांच्या स्वस्त रीलपेक्षा चार चांगल्या बेअरिंगांचं रील जास्त गुळगुळीत फिरतं.

खरी मजा ब्रेडची. तंगूस ताणला की लांबतो, ब्रेड जवळजवळ लांबत नाही, त्यामुळे पन्नास मीटरवरचा झटका थेट बोटात येतो. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती कितीतरी बारीक असते, म्हणून फेकही लांब जाते. पण तिची दोन दुखणी आहेत. नुसत्या गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर सगळी गुंडाळीच्या गुंडाळी गरागरा फिरते. पहिल्या दिवशी माझं तेच झालं, मला वाटलं ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला. खाली तंगुसाचे काही मीटर गुंडाळून त्यावर ब्रेड घेतल्यावर थांबलं. दुसरं, कालवांच्या धारेवर घासली की ती दोऱ्यासारखी कापली जाते. म्हणून पुढे दीड-दोन मीटर जाड तंगुसाचा लीडर लागतोच. दोन्ही जोडणारी एफजी गाठ शिकायला मला अख्खे पाच दिवस लागले. गौरीजेवणाच्या दुपारी सगळे आडवे झाले होते आणि मी पायाच्या अंगठ्याला ब्रेड बांधून बसलो होतो.

स्पूल काठोकाठ भरू नये, दोन-तीन मिलिमीटर रिकामी ठेवावी. मी लोभाने भरली आणि पहिल्याच आठवड्यात हवेत असा गुंता झाला की वीस मीटर कापून टाकावी लागली. आणि फेकून झाल्यावर रीलवरची उघडलेली तार हँडल फिरवून नव्हे, हातानेच बंद करावी. दोरीला पीळ कमी पडतो.

आता तक्रार. नोव्हेंबरातली अष्टमी, भांग, खाडीचं पाणी निवळलेलं. आमच्याकडचे जुने लोक भरतीची वेळ पाऊणकीने, म्हणजे तिथीला पाऊणने गुणून, काढतात. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहा. रत्नागिरीत पाणी या हिशोबाच्या थोडं आधीच भरतं, पण तेवढं चालतं. मी पुलाच्या खांबाजवळ रबरी मासा ओढत होतो आणि धाडकन रॉड वाकला. चोणक होता, रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. एकदा पाण्याबाहेर उडी मारून त्याने डोकं झटकलं, पांढरं तोंड पाहिलं मी. दुसऱ्या धावेत दोरी सैल. ओढून पाहिलं तर लीडर नाही, गाठही नाही. ब्रेडच मधे तुटलेली, टोक कापसासारखं पिंजलेलं.

घरी येऊन दिव्याखाली बघितलं. रीलच्या तारेच्या टोकाला एक लहान चाक असतं, ज्यावरून दोरी आत येते. ते फिरतच नव्हतं. खाऱ्या पाण्याने आत मीठ धरलेलं, आणि न फिरणाऱ्या चाकाच्या एकाच जागी दोरी तीन महिने घासत होती. स्क्रू काढला तर आत तेलाचा टिपूस नाही, कारखान्यातूनच कोरडं आलेलं. कंपनीला दोन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकला, चाक फिरायला लागलं. एका थेंबाने गेलेला चोणक! आता दर दुसऱ्या रविवारी तो थेंब टाकतो. बाकी रील ठीक आहे. ड्रॅग अजून गुळगुळीत सुटतो, हँडलला थोडी खुळखुळ आली आहे, दोन स्क्रूंना गंज आहे.

धुण्याची पद्धतही मी चुकीची धरली होती. सुरुवातीला घरी आलो की रील बादलीत बुडवायचो, मीठ जावं म्हणून. त्याने मीठ उलट आत जातं. आता ड्रॅग घट्ट करतो, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा देतो, फडक्याने पुसतो आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवतो. रॉडचा सांधा जानेवारीत एकदा असा धरला की निघेना. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा घेतला, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून धरले आणि गुडघे फाकवले, तेव्हा निघाला. आता सांध्याला मेणबत्ती घासतो.

रॉडचं टोक तुटलं, पण माशाने नाही. मेव्हण्याला दिवाणखान्यात दाखवत होतो आणि वर पंखा चालू होता. दोन इंच गेलं. चाळीस रुपयांची नवी टोकाची कडी मागवली, ग्लू गनची कांडी वितळवून बसवली. रॉड तेव्हापासून किंचित ताठ झालाय. खाडीत फरक पडत नाही, उजनीला पडतो.

उजनीचं सांगायचं तर तिथे हा सेट जड आहे. मामाने मासेमारी सोसायटीच्या माणसाला रीतसर विचारलं होतं, त्यामुळे निवांत बसता आलं. बारीक गळ, तरंगता बोया आणि गांडूळ लावून चिलापी भरपूर मिळाली, पण तळहाताएवढ्या चिलापीला हा रॉड म्हणजे कुऱ्हाडीने कांदा चिरणं. कणकेच्या गोळ्यावर एक रोहू लागला, दीड किलोचा असेल, तेव्हा मात्र रॉड शेवटपर्यंत सुरेख वाकला आणि ड्रॅगने तीनदा दोरी दिली. फक्त गोड्या पाण्यासाठी घेणार असाल तर सात फुटी, ५-२० ग्रॅमचा हलका रॉड आणि २५०० चं रील बघा. दोन्हीकडे जाणार असाल तर माझ्यासारखं. होडीतून खोल पाण्यात गोबरा ओढायचा असेल तर यातलं काहीच नको.

मिळालं काय, हे विचाराल म्हणून सांगतो : सहा तांबोशी, दोन लहान चोणक, शिंगटी मोजल्या नाहीत, मुडदुशी कोळंबीच्या तुकड्यावर दोन-तीन तव्यांपुरत्या. केंड (फुगणारा, धारदार दातांचा मासा) असंख्य. एका केंडाने चाळीस रुपयांच्या रबरी माशाची शेपटी अशी कापून नेली की जणू कात्रीने. ते रबरी मासे पुन्हा घेताना मी स्वस्तातले घेतो.

पुलापाशी राजिवड्याचे एक चाचा बसतात. पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, एक गळ, एक शिसं, जिवंत सुंगटं (कोळंबी). माझ्या दुप्पट मासे नेतात. पहिल्या दिवशी त्यांनी सेटची किंमत विचारली, मी सांगितली, ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, एवढ्यात माझा तंगूस मी मरेपर्यंत पुरंल.” त्यानंतर नऊ महिने रॉडबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आभाळ भरून आलं होतं, मी आवरत होतो, तेव्हा त्यांनी माझी ब्रेड दोन बोटांत धरून ओढून बघितली, दाताखाली घेतली.

“काठी ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “हा दोरा कुठून आणलात तेवढं सांगा.”