‘अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ : असुरांशी लढणाऱ्या दोन मुली

रोशनी चोक्षी यांची ही इंग्रजी कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ती नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली असली, तरी महाभारत ऐकत वाढलेल्या घरात मोठ्यांनीही ती वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पांडवांचे आत्मे आजच्या काळात मुलींच्या रूपाने जन्म घेतात आणि त्यांच्यावर असुरांशी लढण्याची वेळ येते, ही कल्पना ऐकताना थोडी धाडसी वाटते. वाचताना मात्र ती सहज पटत जाते.

बारा वर्षांची अरू अमेरिकेतील अटलांटा शहरात, तिची आई सांभाळत असलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या संग्रहालयात राहते. शाळेतल्या श्रीमंत मुलांपुढे कमीपणा वाटू नये म्हणून ती सर्रास थापा मारते. एके दिवशी वर्गातली तीन मुले तिची थाप उघडी पाडायला थेट दारात येऊन उभी राहतात, तेव्हा ती स्पायडरमॅनच्या पायजम्यात असते. वेळ मारून नेण्यासाठी ती संग्रहालयातला दिवा शापित असल्याचे सांगते, मग तो लावून दाखवण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि दिवा लागताच त्यात कोंडलेली दुष्ट शक्ती मोकळी होऊन ती तीन मुले आणि अरूची आईसुद्धा जागच्या जागी गोठून जातात. एवढ्या मोठ्या संकटाचे मूळ एका मुलीला वाटणाऱ्या साध्या लाजेत आहे, ही या कथेची सर्वांत जमलेली गोष्ट आहे. अरू लढायला निघते ती पराक्रम गाजवायला नव्हे. आपण केलेला घोळ निस्तरून आईला सोडवायला.

तिच्या जोडीला येते मिनी. जंतू, अ‍ॅलर्जी आणि मरणाचे शक्य तेवढे सगळे प्रकार हिला तोंडपाठ आहेत, आणि घरच्यांनी पांडव म्हणून हिच्या भावाकडे डोळे लावले होते. वाट दाखवायला एक तिरसट कबूतर आहे. तो पूर्वजन्मी कोण होता, हे वाचकाने स्वतः शोधण्यातच मजा आहे. इंद्राकडून अरूला मिळतो पिंगपाँगचा सोनेरी चेंडू आणि यमधर्माकडून मिनीला आरशाची छोटी डबी. ही आयुधे पाहून दोघींची होणारी निराशा वाचताना मुले खळखळून हसतात.

पुढे त्यांची गाठ ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एका असुराशी पडते, आणि तो म्हणजे आपल्या ओळखीचा भस्मासुरच. कोथरूडला आजीकडून मोहिनीची गोष्ट ऐकलेली माझी भाची या प्रसंगाशी आली, तेव्हा तिने पुस्तक मिटले आणि स्वतःचा हात डोक्यावर ठेवून, आता याला असेच करायला लावले पाहिजे, असे जाहीर केले. तिचा उपाय कितपत चालतो ते येथे सांगत नाही. मूळ कथा ठाऊक असलेल्या मुलांना मिळणारा हा आनंद परक्या पुराणकथांवरच्या साहसकथांत मिळणे कठीण आहे.

देवादिकांना घेऊन असा विनोद करावा का, असे काही पालक विचारतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ साली ते काम पूर्ण झाले. त्या आवृत्तीच्या तळटिपांत दाटलेले पाठभेद पाहिले, की ही कथा प्रांतोप्रांती आपापल्या परीने फुलवली गेली, हे लक्षात येते. चोक्षी यांनीही तेच केले आहे, आणि त्यांच्या थट्टेत तुच्छता कोठेही नाही.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. यमलोकात शिरण्यासाठी एकामागून एक किल्ली मिळवण्याचा मधला भाग साचेबद्ध होतो. अरूच्या कोट्या यमलोकातही थांबत नाहीत, त्यामुळे जेथे काळजात धस्स व्हायला हवे तेथे भीती पुरती चढत नाही. अमेरिकेतील दुकाने आणि चित्रपट यांचे संदर्भ तर पुण्यातल्या मुलांच्या डोक्यावरून जातात.

पांडवांची नावेही ठाऊक नसलेल्या मुलाला हे पुस्तक देण्याआधी चार रात्री महाभारत तोंडी सांगावे. शेवटी शब्दार्थसूची आहे, पण तिच्याने ते काम भागत नाही. ही पाच पुस्तकांची मालिका २०२२ साली पूर्ण झाली असून ती क्रमानेच वाचावी, कारण उरलेले पांडव पुढच्या भागांत भेटत जातात.