कोकणातल्या पुरासाठी कायनेरॉस की एचएमएस?

चिपळूण-महाडच्या पुरावर प्रोजेक्ट घेतला की आधी हाच पेच पडतो. पावसातून किती पाणी वाहील याचा हिशेब करणारी कायनेरॉस-२ आणि एचईसी-एचएमएस ही दोन्ही संगणक मॉडेलं फुकट मिळतात, त्यामुळे खर्चावरून काही ठरत नाही. आपल्याकडे पाणी कसं वाहतं ते बघून ठरवा.

कायनेरॉस वाढलं अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या वॉलनट गल्च या कोरड्या पाणलोटात. तिथले ओढे एरवी कोरडे ठणठणीत. जमीन जितकं पिते त्याहून जोरात सर कोसळली की पाणी उतारावरून धावत सुटतं, आणि पुढे ओढ्याच्या वाळूत त्यातलं बरंचसं जिरतं. हा हिशेब कायनेरॉस सुरेख करतं, पण एका सरीपुरताच. दोन सरींमध्ये जमीन किती सुकली, हे त्याला आपणच सांगायचं.

कोकणात नेमकं तिथेच घोडं अडतं. जुलैत जमीन आधीच तुडुंब असते. कर्व्ह नंबरच्या पद्धतीने (जमिनीला एक नंबर द्यायचा; नंबर जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं) साधा हिशेब करा: नंबर ७५ धरला तर १०० मिलिमीटर पावसातून साधारण ४१ मिलिमीटर पाणी वाहून जातं. तीच जमीन भिजलेली असली की नंबर ८८ होतो आणि आकडा ६८ वर जातो. पाऊस तेवढाच! म्हणून जूनपासूनची ओल मोजत येणारं मॉडेल हवं. एचएमएसमध्ये ती सोय आहे, फक्त पाणी जिरण्याच्या हिशेबासाठी त्यातला कर्व्ह नंबर सोडून, ओल सतत मोजत राहणारा 'डेफिसिट अँड कॉन्स्टंट' हा पर्याय निवडा. शिवाय त्यात धरणही बसवता येतं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे येतं, ते वगळून कसं चालेल?

पाऊस मात्र तासातासाचा मिळवा. दिवसाचा आकडा चोवीस तासांत सारखा वाटलात की पुराचा माथाच चेपतो. स्वॅट हे तिसरं मॉडेल बहुतेक जण दिवसाच्याच पायरीने चालवतात, म्हणून इथे ते नको.

कायनेरॉस अगदीच टाकाऊ नाही हं. राजापूरकडच्या उघड्या कातळाच्या सड्यावरून उतरणारा एखादा पऱ्या, खाली रस्त्याची मोरी आणि हाताशी दर पाच-दहा मिनिटांचा पाऊस असेल, तर मी तेच घेईन.

शहरात पाणी कुठवर चढेल, हे मात्र दोन्हींना सांगता येत नाही. खाडीची भरती पाणी मागे रेटते आणि कायनेरॉसच्या गणितात पाणी फक्त उताराकडेच जातं. त्यासाठी एचएमएसचा प्रवाह एचईसी-रासला, म्हणजे नदीतल्या पाण्याची पातळी काढणाऱ्या मॉडेलला द्या आणि चिपळूणखाली खाडीकडच्या गोवळकोटच्या बाजूला भरतीची पातळी सीमा म्हणून भरा.