एडिनबर्गमधली १८४३ च्या फुटीची वॉकिंग टूर: पाचपैकी चार स्टार, आणि ते मुख्यतः उत्तरार्धासाठी

धाकट्या भावाकडे एडिनबर्गला राहायला गेले होते तेव्हा ही तीन तासांची टूर केली, विषय एकच, १८४३ साली चर्च ऑफ स्कॉटलंड कसं फुटलं आणि त्यानंतर काय काय झालं. टूर चालवणारी माणसं दोनच, दोघंही तिथलीच, माणशी १८ पाउंड घेतात, आमच्या बॅचला आम्ही धरून नऊ जण होतो. किल्ला, भुताच्या गोष्टी वगैरे हवं असेल तर दुसरी टूर घ्या, इथे तीन तास फक्त पाळक (चर्चचे धर्मगुरू), कोर्ट आणि इमारती एवढंच आहे. मला तेच हवं होतं.

का हवं होतं तेही सांगते म्हणजे माझा रिव्ह्यू कुठल्या नजरेतून आहे ते कळेल. मी प्रेसबिटेरियन वळणाच्या मंडळीत वाढले, म्हणजे बिशप नसलेल्या आणि निवडलेल्या वडिलांनी कारभार बघायच्या चर्चमध्ये. आमचे बाबा तिथे वडील होते, म्हणजे त्या वडीलमंडळातले वडील. माझं लग्न झालं आणि पुढे काही वर्षांत मंडळी फुटली. सासर एका बाजूला गेलं, माहेर दुसऱ्या. नावगाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे. भाऊ आणि मी बाकी सगळं बोलतो पण हा विषय आमच्यात कधी निघत नाही, आणि तरी टूरचं बुकिंग त्यानेच केलं होतं.

सुरुवात जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चपासून होते (आता नाव बदललंय, दोन-तीन मंडळ्या एकत्र आल्यामुळे). आतून लंबगोल आहे, बसल्यावर सगळ्यांना सगळे दिसतात. १८ मे १८४३ ला जनरल असेंब्ली, म्हणजे चर्चची वर्षातली सर्वोच्च सभा, इथेच भरली होती. मावळते मॉडरेटर (सभेचे अध्यक्ष) डेव्हिड वेल्श यांनी नेहमीसारखी सभा सुरू करण्याऐवजी निषेधाचा कागद वाचला, टेबलावर ठेवला, राणीच्या प्रतिनिधीला मान लववली आणि दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे बाहेर पडणाऱ्यांचे पुढारी थॉमस चामर्स, त्यांच्यामागे एकेक रांग उठत गेली. गाइडने आम्हाला बाकांवर बसवून हे सांगितलं आणि मग म्हणाला आता तुम्हीही उठा आणि एक शब्द न बोलता बाहेर पडा. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे माणसं उठून गेली तो रविवार मी पाहिलेला आहे, बाकाचा तो आवाज अगदी तसाच असतो.

बाहेर फुटपाथवर गाइडने कारणं समजावली आणि हा भाग त्याने फार छान केला, कारण तारखांचा मारा न करता एकच प्रश्न धरून ठेवला, पाळक कोणी नेमायचा? १७१२ च्या कायद्याने तो हक्क जमीनदाराकडे होता. १८३४ ला असेंब्लीने ठरवलं की मंडळीतल्या कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नको म्हटलं तर तो माणूस लादायचा नाही. लगेच त्याच वर्षी ऑख्टरआर्डर नावाच्या गावात पेच पडला, जमीनदार अर्ल ऑफ किनूलने रॉबर्ट यंग नावाचा उमेदवार पाठवला, हा पाळक आम्हाला हवा अशा बोलावण्याच्या कागदावर गावातल्या दोघांनीच सही केली आणि ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८० च्या वर लोकांनी नको म्हणून सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं, १८३९ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या कोर्टाने, सांगितलं की जमीनदाराचाच हक्क खरा. म्हणजे देवाच्या घरात शेवटचा शब्द कोर्टाचा, असा त्याचा अर्थ त्या लोकांनी घेतला आणि मला तरी तो बरोबर वाटतो.

मारनॉक गावची गोष्ट मात्र सगळ्यात जास्त लागली. १८४१ चा जानेवारी, बाहेर बर्फ, नको असलेल्या पाळकाची स्थापना व्हायची होती, त्याच्या बाजूने गावातल्या एका खानावळवाल्याचीच काय ती सही. मंडळीतल्या लोकांनी आपापली बायबलं उचलली आणि सगळे बर्फात निघून गेले. ग्रुपमधली एक बाई इथे रडली. मी रडले नाही पण भावाकडे बघू शकले नाही.

मग तिथून उतारावर कॅननमिल्सपर्यंत चालायचं, साधारण दीड किलोमीटर, त्या दिवशी जी मिरवणूक गेली तोच रस्ता, तिघातिघांच्या रांगा आणि दोन्ही बाजूंना गर्दी. उतार आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. टूर कंपनीने दिलेले हेडफोन इथे पार निकामी ठरले, बसच्या आवाजात काही ऐकू येईना, मागे राहिलेल्या तिघांना अर्धी गोष्ट कळलीच नाही. एक स्टार इथेच गेला समजा. खाली पोचल्यावर बघायला काहीच नाही हेही आधीच माहीत असू द्या, मिरवणूक जिथे पोचली तो टॅनफील्ड हॉल कधीच गेला, आता तिथे ऑफिसची इमारत आहे. त्या हॉलमध्ये बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च नावाचं नवं चर्च उभं केलं, चामर्स त्याचे पहिले मॉडरेटर निवडले गेले आणि स्तोत्र ४३ गायलं गेलं, ज्यात प्रकाश आणि सत्य पाठव अशी विनवणी आहे. गाइडने ते स्तोत्र तिथे फुटपाथवर उभं राहून वाचलं, ये-जा करणारे बघत होते, त्याला त्याचं काही नव्हतं. सगळे मिळून ४७४ पाळक बाहेर पडले, तेव्हा एकूण बाराशेच्या आसपास होते. घर, पगार, चर्च सगळं सोडून. त्यांच्या बायकांना घर आवरायला किती दिवस मिळाले असतील असं मी विचारलं, त्यावर त्याच्याकडे फारसं उत्तर नव्हतं, आणि हा भाग टूरमध्ये असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक टूर इथे संपवल्या असत्या, मोठा दिवस, मोठी माणसं, टाळ्या. ही इथून पुढे दीड तास चालते आणि म्हणूनच मी हा रिव्ह्यू लिहितेय. बसने वर माउंड नावाच्या चढावर नेतात आणि मग विषय निघतो की दुसऱ्या दिवशी सकाळी काय? चामर्स यांनी आठवड्याला एक पेनी असा हिशोब मांडला होता, गरिबातल्या गरिबानेही तेवढं द्यायचं, सगळं एका फंडात जायचं आणि तिथून श्रीमंत गावच्या पाळकालाही तेवढंच आणि डोंगरातल्या पाळकालाही तेवढंच. चार-पाच वर्षांत सातशेच्या वर चर्चेस उभी राहिली. पण चर्च बांधायला जमीन लागते आणि ती जमीनदाराची. अनेकांनी नाही म्हणून सांगितलं, इतकं की १८४७ ला पार्लमेंटला चौकशी समिती बसवावी लागली. स्ट्रॉन्शियन नावाच्या गावी लोकांनी काय केलं तर क्लाइड नदीवर एक लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं, खर्च १,४०० पाउंडांच्या आसपास, आणि १८४६ ला ते लॉख सुनार्ट या खाडीत आणून नांगरलं, कारण पाण्यावर जमीनदाराची सत्ता नव्हती. शंभर माणसं चढली की एक इंच खाली जायचं म्हणे, त्यावरून लोक ओळखायचे की आज कुठल्या पाळकाला किती गर्दी आहे. हे ऐकून भाऊ पहिल्यांदा बोलला. "ताई, आपण मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये भक्ती करायचो ते आठवतं?" आपण म्हणाला तो. ते आम्ही होतो, सासरची बाजू, तो तिथे कधी आलाच नव्हता असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो येऊन गेटबाहेर उभा राहायचा म्हणे.

असो. टूरकडे येते.

पैशाचा विषय गाइडने टाळला नाही याबद्दल त्याचे आभार. नव्या चर्चने अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांकडूनही देणगी घेतली होती, आकडा ३,००० पाउंड सांगतात. १८४६ ला फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून निसटले होते, एडिनबर्गला येऊन पैसे परत पाठवा म्हणून सभा घेत होते. पैसे परत गेले नाहीत. ज्यांनी सदसद्विवेकासाठी घरं सोडली त्यांना हे कसं सुचलं नाही, हा प्रश्न ग्रुपमधल्या एका तरुण मुलाने विचारला आणि गाइड म्हणाला की मीही रोज हाच विचार करतो. सारवासारव केली नाही, बरं वाटलं.

माउंडवर तुम्ही उभे राहता तिथे सगळं दहा पावलांत आहे. न्यू कॉलेज आणि असेंब्ली हॉल, फुटून निघालेल्यांनी स्वतःसाठी बांधलेले, आणि बाजूलाच आजच्या फ्री चर्चचं ऑफिस. ही दोन वेगळी दारं का, हे समजावताना गाइड खरा खुलतो. १९०० ला फ्री चर्चच्या बहुतेक लोकांनी युनायटेड प्रेसबिटेरियन या दुसऱ्या एका चर्चशी हात मिळवून युनायटेड फ्री चर्च केलं. थोडे पाळक, तीसही नसतील, मागे राहिले आणि म्हणाले की खरं फ्री चर्च आम्हीच. १९०४ च्या १ ऑगस्टला हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मिळकत या मूठभरांना दिली, कारण मिळकत मूळ तत्त्वांसाठी ट्रस्टमध्ये होती आणि ती तत्त्वं यांनी सोडली नव्हती. एवढी कॉलेजं, एवढी चर्चेस चालवायला माणसं तर हवीत, म्हणून १९०५ ला पार्लमेंटने कायदा करून वाटणीसाठी कमिशन नेमलं. कोर्टाने चर्चमध्ये हात घालू नये म्हणून जे १८४३ ला उठून गेले, त्यांचीच नातवंडं साठ वर्षांनी चर्चची किल्ली कोणाची हे विचारायला त्याच कोर्टात उभी होती. मला हे ऐकताना खाली बसावंसं वाटलं आणि खरंच पायरीवर बसले.

जमीनदाराने पाळक नेमायचा कायदा १८७४ लाच रद्द झाला होता, म्हणजे भांडणाचं मूळच गेलं, तरी चर्च ऑफ स्कॉटलंड आणि युनायटेड फ्री चर्च परत एकत्र यायला १९२९ उजाडलं, आणि तेव्हाही काही जण बाहेरच राहिले. ते एकत्र येणं ॲनंडेल स्ट्रीटवरच्या एका मोठ्या हॉलमध्ये झालं, आता तिथे बसचा डेपो आहे. टूर तिकडे नेत नाही, आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बाहेरून बघून आलो. फ्री चर्चमध्ये तर २००० साली पुन्हा फूट पडली.

पाळकांनी पदं सोडल्याच्या कागदावर टॅनफील्डमध्ये सह्या केल्या, त्या प्रसंगाचं डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांचं मोठं चित्र फ्री चर्चच्या ऑफिसात आहे, ते आमच्या बॅचला बघायला मिळालं नाही, गाइडने फक्त प्रिंट दाखवली. हिल यांनी फोटोग्राफर रॉबर्ट ॲडमसन यांच्यासोबत एकेकाचे फोटो काढून त्यावरून साडेचारशेच्या आसपास चेहरे रंगवले, १८६६ ला पूर्ण झालं. बुकिंग करताना चित्र बघायला मिळणार का ते विचारून घ्या, जाहिरातीत असं लिहिलंय की जणू मिळणारच.

आणखी एक तक्रार, आपल्याकडचा धागा पूर्ण गायब आहे. फूट पडली तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडचे भारतातले मिशनरी फ्री चर्चकडे गेले, कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना इमारत सोडून नव्याने सुरुवात करावी लागली, आणि आपले मुंबईचे जॉन विल्सन, चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते, १८७० ला याच फ्री चर्चचे मॉडरेटर झाले. मी सांगितल्यावर गाइडने वहीत लिहून घेतलं. पुढे कुणी जाईल त्याने विचारावं, गाइडने हे सांगायला सुरुवात केली का.

सकाळची बॅच घ्या, गाइडच्या जवळ चाला आणि हेडफोन काढून टाका. मंडळीच्या भांडणातून गेलेले असाल तर एकटे जाऊ नका, त्या दुसऱ्या बाजूच्या कुणाला तरी घेऊन जा, १८ पाउंड मी त्यासाठी पुन्हाही देईन.

परत येताना बसमध्ये भावाने विचारलं, बाबांकडे जुन्या चर्चच्या मागच्या दाराची किल्ली असायची, ती आता कुठे आहे गं. माझ्याकडेच आहे. बाबा गेले तेव्हा सासरी नेलेल्या ट्रंकेत आली होती, मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.