वाळवंटात गाडी बंद पडली तर: थांबायचं की चालायचं?

चालत निघण्याचा मोह आधी होतो, कारण थांबणं म्हणजे काहीच न करणं वाटतं. पण हिशेब पाण्याचा आहे. भर उन्हात चालताना तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. सावलीत स्वस्थ बसल्यास त्याचा काही अंशच. म्हणजे पाच लिटरचा कॅन चालणाऱ्याला जेमतेम एक दुपार पुरतो. शिवाय शोधणाऱ्यांना, विशेषतः विमानातून, माणसापेक्षा गाडी कितीतरी आधी दिसते.

थांबायचं, पण गाडीत नव्हे. बंद गाडीची भट्टी होते. बाजूला ताडपत्री बांधा, खालून वारा खेळू द्या. तापलेल्या वाळूवर थेट बसू नका. सीट काढून त्यावर बसा. बॉनेट उघडं ठेवा, म्हणजे अडचण लांबून कळते. आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून इशारा करता येतो. पाणी साठवण्यासाठी तहान मारू नका: बाटलीत पाणी शिल्लक असतानाही लोक उष्माघाताने कोसळतात. आणि रेडिएटरमधलं कूलंट विषारी असतं, ते कधीच पिऊ नका.

चालणं एकाच परिस्थितीत योग्य: वस्ती किंवा वाहता रस्ता नेमका कुठे आहे हे ठाऊक आहे, तिथवर पुरेल इतकं पाणी आहे आणि शोधायला कुणी येणारच नाही. तेव्हाही सूर्य मावळल्यावर, आलेल्या वाटेनेच निघा. गाडीत दिशा, वेळ आणि माणसांची संख्या लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ‘त्या टेकडीपलीकडे काहीतरी असेल’ हे कारण पुरेसं नाही.