कॉकपिटमधलं हवामान: एफआयएस-बी, सॅटेलाइट की स्वतःचं रडार?

अमेरिकेत छोटं विमान उडवणाऱ्याला हवामान पडद्यावर आणायचे तीन मुख्य मार्ग आहेत. जमिनीवरच्या एडीएस-बी (विमानांची जागा कळवणारी रेडिओ व्यवस्था) टॉवरवरून फुकट येणारी एफआयएस-बी ही माहितीसेवा, वर्गणी भरून सॅटेलाइटवरून घ्यायचं सिरियसएक्सएम आणि विमानातलं रडार. पहिल्या दोन्हींत दिसतं ते नेक्सरॅड या जमिनीवरच्या रडारजाळ्याचं जोडचित्र. चित्र रडारसारखंच रंगीत असतं, पण ते आत्ताचं नसतं. खरेदीआधी हे पक्कं समजून घ्या.

पाऊस असताना नेक्सरॅडची एक फेरी व्हायला साधारण ४ ते ६ मिनिटं लागतात. मग अनेक रडारांची चित्रं जोडायची, मग प्रक्षेपण. पडद्याच्या कोपऱ्यात ‘१ मिनिट’ दिसतं ते जोडचित्र तयार झाल्यापासूनचं वय. त्यातला पाऊस त्याहून जुना असतो. टोकाच्या वेळी हा फरक १५ ते २० मिनिटांचा असू शकतो, असा इशारा एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात-तपास संस्था) २०१२ मध्येच दिला. ४० नॉटने (तासाला ४० सागरी मैल) सरकणारं वादळ १५ मिनिटांत १० सागरी मैल जातं. म्हणजे पडद्यावरच्या दोन लाल डागांमधली (लाल म्हणजे जोरदार पाऊस) १० मैलांची मोकळी वाट कदाचित केव्हाच बुजलेली असते. अशा फटीत शिरण्यासाठी ही दोन्ही साधनं नाहीत. तासभर आधी वळसा ठरवायला मात्र उत्तम.

दोघांत निवडायचं तर: एफआयएस-बीला टॉवर सरळ रेषेत ‘दिसावा’ लागतो, त्यामुळे धावपट्टीवर बरेचदा काहीच येत नाही. सॅटेलाइटचं चित्र उड्डाणाआधीच मिळतं. एफआयएस-बीच्या प्रादेशिक चित्रातला एक चौकोन साधारण मैलभराचा. देशव्यापी चित्रातला प्रत्येक बाजूने पाचपट. लांबचं चित्र ठोकळेबाज दिसतं ते त्यामुळे.

विमानातलं रडार आत्ताचं दाखवतं, पण छोट्या विमानात अँटेनाही छोटी. १० इंची अँटेनाचा झोत साधारण १० अंशांचा. एका अंशाला दर सागरी मैलामागे १०० फूट धरा: ४० मैलांवर झोत ४०,००० फूट रुंद! जमीन आणि ढग एकत्र दिसतात, टिल्ट (अँटेनाचा वर-खाली कोन) सतत बदलावा लागतो. त्याहून घातक म्हणजे मुसळधार पाऊस ही ३ सेंटिमीटरची लहर गिळून टाकतो. लाल पट्ट्यामागचा काळा भाग स्वच्छ आकाश समजू नका. तिथे झोत पोचलेलाच नसू शकतो.

आणखी एक जोडसाधन म्हणजे स्टॉर्मस्कोप, विमानातलं वीज टिपणारं उपकरण. तो विजेची दिशा चांगली सांगतो, अंतर मात्र अंदाजाने. जोरदार वीज आहे त्याहून जवळ दिसते.

धुकं, विमानावर बर्फ धरणं, पावसाबाहेरचे हेलकावे यांचा पत्ता रडारचित्रावरून लागत नाही.

एकइंजिनी विमानाला आधी एफआयएस-बी घ्या. उन्हाळी वादळांच्या पट्ट्यात उडत असाल तर स्टॉर्मस्कोप जोडा. रडार घ्यायचं तर टिल्ट शिकायची तयारी हवी. काहीही घेतलं तरी तीव्र वादळापासून किमान २० मैल लांब राहा, आणि ‘पाऊस नाही’ व ‘माहिती नाही’ तुमचा पडदा कसं वेगळं दाखवतो ते जमिनीवरच माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा.